२.९६ : अधिकृत नसलेल्या कंपायलरची कथा

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच काठी, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. ग्रंथ सर्वांचा असला, तरी त्याची प्रमाण प्रत कोणती, हे कोणी ठरवायचे? चार शतकांनंतर हाच प्रश्न संगणकाच्या जगात उभा राहिला.

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा सर्वांसाठी खुला कंपायलर. त्याचे काम संथ झाले, तेव्हा १९९७ मध्ये काही जणांनी ईजीसीएस नावाची वेगळी शाखा काढली. १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी ठरली. म्हणजे बंडखोरच गादीवर आले.

सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट लिनक्स ७.० आले. त्यातील कंपायलर स्वतःला २.९६ म्हणवीत होता. वस्तुतः ती विकासाधीन जीसीसीची, कंपनीने स्वतः दुरुस्त केलेली प्रत होती. ऑक्टोबरमध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीने जाहीर केले की, अशी कोणतीही आवृत्ती आपण काढलेली नाही.

वाद केवळ नावाचा नव्हता. या कंपायलरने बांधलेले सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम २.९५ ने बांधलेल्या लायब्ररींशी जुळत नसत आणि येणाऱ्या ३.० शीही जुळणार नव्हते. लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नेलसाठी, तर खुद्द रेड हॅटनेच केजीसीसी या नावाने जुना ईजीसीएस सोबत दिला होता! कर्नेल बांधताना मेकफाइलमध्ये कंपायलरचे नाव बदलून केजीसीसी लिहिणे, हा तेव्हाचा रूढ उपाय. एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरचे कर्ते आणखी कडक निघाले : २.९६ दिसताच त्यांची बांधणीची स्क्रिप्ट थांबत असे.

रेड हॅटची बाजूही पोकळ नव्हती. सी प्लस प्लसच्या प्रमाण नियमांना २.९५ अपुरा पडत होता. नवा कंपायलर अधिक काटेकोर असल्याने जुन्या कोडमधील खपून गेलेल्या चुका आता अडत, आणि दोष मात्र कंपायलरच्या माथी जाई. चूक होती ती क्रमांकात. आकडा पाहून कोणालाही ती जीसीसीचीच पुढची आवृत्ती वाटावी, असा तो होता.

त्या काळी भारतात लिनक्स अनेकांच्या हाती पडे, ते संगणक मासिकांसोबतच्या सीडीतून. बीड किंवा अंबाजोगाईत टेलिफोनच्या तारेवरून दुसरा कंपायलर उतरवून घेणे म्हणजे वेळ आणि बिल दोन्हींचा प्रश्न. सीडीत आला तोच कंपायलर आपला. म्हणून बांधणी फसली की आधी कंपायलरची आवृत्ती पाहायची, मग लायब्ररी कोणत्या आवृत्तीने बांधल्या आहेत ते पाहायचे आणि त्यानंतरच कोडला हात लावायचा.

जून २००१ मध्ये ३.० प्रसिद्ध झाला. जीसीसीच्या अधिकृत यादीत २.९५.३ नंतर थेट तोच येतो.