गुलामाला वाढदिवस नव्हता

पहिली पाळी सुटली की संध्याकाळी मी विहारात पोरांचा वर्ग घेतो. तिसरी-चौथीची वीस-बावीस पोरं. ऋतूंचा धडा त्यांच्या पुस्तकातला. गुलामगिरीचा धडा मी घातलेला, कारण कपाटातलं जोतिबांचं ‘गुलामगिरी’ बघून एकानं विचारलं, गुलाम म्हंजे काय? १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांच्या नावानं आहे. म्हणून सुरुवात अमेरिकेपासून केली. दोन्ही धडे एकाच आठवड्यात आले, आणि चौथीतली एक पोरगी उठून म्हणाली, “दादा, हिवाळा जातो तशी गुलामगिरीपण आपोआप गेली का?”

मित्रांनो, मी गप्प झालो. नंतर वाचत गेलो. हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे.

आधी ऋतू. एका मोसंब्यातून विणायची सुई आरपार घातली, सुई तिरकी धरली आणि पेटलेल्या बल्बभोवती मोसंबं फिरवलं. पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. उत्तरेचा भाग सूर्याकडे कलला की तिकडे उन्हाळा, उलट बाजूला गेला की हिवाळा. पोरांना वाटत होतं, सूर्य लांब गेला की थंडी पडते. तसं नाही. जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर असते, जुलैत १५ कोटी २० लाखांवर. म्हंजे आपल्या थंडीत सूर्य उलट जवळ असतो! सगळा खेळ कलण्याचा. हे कलणं कुणी राजानं केलं नाही, कुठल्या शेठनं केलं नाही. त्याला कुणी गुन्हेगार नाही.

आता गुलामगिरी. १६१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत वीसेक आफ्रिकी माणसं जहाजातून उतरवली आणि धान्याच्या बदल्यात विकली. तंबाखूच्या शेतांना हात हवे होते. १६६२ साली तिथल्या विधिमंडळानं कायदा केला : मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. इंग्रजांची रीत बापावरून चालायची, ती इथं मुद्दाम उलटी केली. मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं पोर मालकाचं वारस नाही, मालकाचा माल! जन्मावरून माणसाची जागा ठरवणारी ही अक्कल आपल्याला नवी नाही. पण पोरांना नीट सांगा, हा कायदा आहे. त्याला साल आहे, त्याला लिहिणारे हात आहेत. आभाळातून पडलेला नाही.

मग मी त्यांना फ्रेडरिक डग्लसची गोष्ट सांगितली. मेरीलँडमध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मलेला. बाप गोरा, बहुतेक मालकच, असं लोक बोलायचे. १८४५ साली त्यानं आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो सांगतो, गुलामांना आपली जन्मतारीख ठाऊक नसायची. पेरणीच्या दिवसात, कापणीच्या दिवसात, चेरी पिकतात तेव्हा, एवढंच. ऋतू हीच त्यांची जन्मपत्रिका. मालकाच्या वहीत मात्र नोंद होती : फेब्रुवारी १८१८. डग्लसला स्वतःला १८१७ वाटायचं. वहीला ठाऊक, माणसाला नाही.

आणि हिवाळा? शेतावर राबायला लहान असलेल्या पोरांना वर्षाला दोन जाडेभरडे सदरे. चड्डी नाही, जोडे नाहीत, पांघरूण नाही. सदरे फाटले तर पुढच्या वाटपापर्यंत उघडं. डग्लस मक्याच्या रिकाम्या पोत्यात डोकं घालून झोपायचा, पाय बाहेर. थंडीनं पायाला एवढ्या भेगा पडल्या की त्यात लेखणी मावेल, असं त्यानंच लिहिलंय. इथं वर्गात कुणी हललं नाही. मग एक पोरगा म्हणाला, “थंडी पृथ्वीनं आणली, पण स्वेटर मालकानं दिला नाही.”

सगळा धडा त्या पोरानं एका वाक्यात सांगितला.

आता आपलं. माझा बाप ‘बहात्तरच्या दुष्काळात झाला’ असं आजी सांगते. शाळेच्या दाखल्यावर त्याची तारीख १ जून, मास्तरांनी टाकलेली. तुमच्या घरातही एखादा १ जून सापडेल. आपण अमेरिकेतले गुलाम नव्हतो, दोन्ही दुःखं एक करू नका. पण कुणाचा जन्म लिहून ठेवायचा आणि कुणाचा नाही, हे कोण ठरवतं, एवढं विचारा.

ती गुलामगिरी आपोआप गेली नाही. डग्लसला मालकीण अक्षरं शिकवायला लागली तर मालकानं बंद पाडलं. मग त्यानं गरीब गोऱ्या पोरांना भाकरी देऊन अक्षरं घेतली, गोदीत लाकडांवर खुणेची अक्षरं असत ती गिरवून लिहायला शिकला. १८३८ साली पळाला. यादवी युद्धात पावणेदोन लाखांवर काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले, तेव्हा कुठं १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानं संपली. त्यानंतरही माणूस म्हणून जगायला पुन्हा शंभर वर्षं भांडावं लागलं.

म्हणून कार्यकर्त्यांनो, नुसत्या घोषणा पाठ करून घेऊ नका. पोरांना प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायला शिकवा. हे निसर्गानं केलं की माणसानं? माणसानं केलं असेल तर कुणी, कुठल्या साली? आपल्या आजोबा-पणजोबांना हेच सांगितलं गेलं की तुमचं असं असणं म्हंजे पाऊस पडण्यासारखं आहे, त्याला इलाज नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, ती हे खोटं आहे हे दाखवायला. ऋतू कुणाला जाळता येत नाही. कायदा जाळता येतो, आणि नवा लिहिताही येतो.

त्या पोरीला मी एवढंच म्हणालो, “नाही गं बाय, आपोआप नाही गेली. घालवावी लागली.” तिनं ते वहीत लिहून घेतलं. वर तारीख घातली, आणि तारखेशेजारी स्वतःचं नाव.