जिभेची साक्ष : बिअर व सायडर ह्यांच्या चवपरीक्षणाचा इतिहास

१

लहान प्रमाणावर, कारागिरीने केलेली बिअर आज ‘क्राफ्ट बिअर’ ह्या नावाने ओळखली जाते. अशा बिअरच्या स्पर्धांतून परीक्षकाच्या हाती जी गुणपत्रिका दिली जाते, तिचा एक नमुना प्रथम पाहू. अमेरिकेतील ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ ही संस्था १९८५ साली स्थापन झाली. तिच्या पत्रिकेत एकूण ५० गुण असून त्यांची वाटणी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर प्रभावाला १० अशी आहे. सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या सायडरसाठी हीच संस्था वासाला १०, रूपाला ६, चवीला २४ आणि एकंदर प्रभावाला १० गुण ठेवते.

ही पत्रिका वाचताना पडणारा पहिला प्रश्न असा की, ५० पैकी ३८ ही संख्या नेमके कशाचे माप आहे? उष्णतामापकातील पारा वाचणारा कोणीही असला, तरी आकडा बदलत नाही. चवीच्या बाबतीत मात्र जीभ आणि आकडा ह्यांच्या मध्ये शब्द उभा असतो. परीक्षक आधी ‘कडू’, ‘आंबट’, ‘शिळी’ असे काही म्हणतो आणि मग त्या म्हणण्याला संख्येचे रूप देतो. म्हणून गुणदानाचा इतिहास हा काही अंशी शब्दांच्या अर्थनिश्चितीचा इतिहास होय. इंग्लंडमधील मध्ययुगीन व्यवस्थेपासून आरंभ करून तो येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

२

इंग्लंडमध्ये पाव व एल ह्यांच्या किमती धान्याच्या भावाशी बांधून देणारा कायदा परंपरेने १२६६-६७ ह्या काळातला मानला जातो. त्या काळची एल म्हणजे हॉपची फुले न घालता, मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून केलेले, थोड्याच दिवसांत बिघडणारे पेय. ह्या कायद्याच्या अंमलासाठी गावोगावच्या न्यायसभा ‘एल-कॉनर’ किंवा एल-परीक्षक नेमीत. नवी एल तयार झाली की विकणाऱ्याने दारावर काठी किंवा झुडपाची फांदी लावावी, परीक्षकाने येऊन चव घ्यावी, माप तपासावे आणि मगच विक्री सुरू व्हावी, असा सर्वसाधारण प्रघात होता. शेक्सपिअरचे वडील जॉन शेक्सपिअर हे १५५६ साली स्ट्रॅटफर्ड येथे ह्याच पदावर निवडले गेले होते. चामडी विजार घालून सांडलेल्या एलवर बसावयाचे आणि विजार बाकाला चिकटते की नाही ह्यावरून निर्णय द्यावयाचा, ही परीक्षकाविषयीची गोष्ट लोकप्रिय आहे. परंतु तिला समकालीन पुरावा नाही.

‘कॉनर’ हा शब्द ‘अजमावणे, पारखणे’ ह्या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियापदापासून आला आहे. ते क्रियापद ‘जाणणे’ ह्या अर्थाच्या धातूशी संबद्ध असून आपल्या ‘ज्ञा’ धातूच्याच कुळातले आहे. तेव्हा पदाच्या नावात जाणतेपणाचा दावा अंतर्भूत होता. पण त्या जाणतेपणाची नोंद न्यायसभांच्या दप्तरांत शोधू गेल्यास निराशा पदरी येते. तेथे ‘अमुक व्यक्तीने कायदा मोडला’ एवढेच ठरीव वाक्य आणि दंडाची रक्कम वारंवार आढळते. एल पातळ होती, आंबली होती की माप खोटे होते, ह्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. किंबहुना अनेक ठिकाणी गावातील झाडून साऱ्या विक्रेत्यांना प्रत्येक सभेत थोडाथोडा दंड होई. म्हणजे दंड हे शिक्षेचे नाव, आणि व्यवहारात तो परवान्याचे शुल्क होता. ज्युडिथ बेनेट ह्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या दप्तरांचा विस्ताराने विचार केला आहे.

बेनेट ह्यांच्याच अभ्यासातून आणखी एक बाब पुढे येते. १३४८-४९ च्या महामारीपूर्वी घरगुती एल करून विकणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. ‘ब्रूस्टर’ ह्या शब्दातील प्रत्यय मुळात स्त्रीकर्तृवाचक आहे, ही भाषेतील साक्षही ह्या निष्कर्षाला पूरक ठरते. परीक्षक मात्र जवळजवळ सर्वत्र पुरुष होते. चव घेणाऱ्याचा शब्द नोंदला जात नव्हता. करणारीला आपल्या बाजूने दाखवावयास त्यामुळे काहीच उरत नव्हते. अर्थात निर्णयामागचे कारण जेथे शब्दांत उतरत नाही, तेथे त्या निर्णयावर अपील करावयाचे तरी कशाच्या आधारे?

३

पंधराव्या शतकापासून हॉप घातलेल्या बिअरचा इंग्लंडमध्ये प्रसार होऊ लागला. ती अधिक टिके, म्हणून अधिक प्रमाणावर करता येई आणि दूरवर पाठविता येई. शेजारच्या घरातील ताजी एल चाखणाऱ्या गावच्या परीक्षकाचे महत्त्व ह्यामुळे ओसरत गेले. १६४३ साली बिअर, एल व सायडर ह्यांवर अबकारी कर बसला, तेव्हा शासनाला चवीपेक्षा परिमाणाची आणि तीव्रतेची चिंता अधिक वाटू लागली. अठराव्या शतकात द्रवाची घनता मोजणारे उपकरण उपयोगात आले. जॉन रिचर्डसन ह्याने १७८४ च्या आपल्या ग्रंथात धान्याच्या अर्कातील विद्राव्य अंश अशा उपकरणाने कसा मोजावा हे दाखवून दिले. आता मद्य करणाऱ्यास कोणते धान्य किती अर्क देते, हे जिभेवाचून कळू लागले.

ह्याच शतकात जिभेच्या मर्यादेचा एक दारुण पुरावा सायडरच्या संदर्भात मिळाला. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात पोटशूळ व पक्षाघात ह्यांचा एक विकार दीर्घकाळ ठाण मांडून होता, आणि त्याचा दोष सायडरच्या आंबटपणाला दिला जाई. जॉर्ज बेकर ह्या वैद्याने १७६७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळेच कारण दाखविले. हेरफर्ड परगण्यातही सायडर विपुल प्यायली जात होती, पण तेथे हा विकार नव्हता. भेद होता तो साधनांत. डेव्हनमधील चरक व हौद ह्यांच्या बांधणीत शिसे वापरले जाई. आंबट रसात ते विरघळे. बेकरने रासायनिक परीक्षेने सायडरमधील शिसे सिद्ध केले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शिशाचा अ‍ॅसिटेट हा क्षार चवीला गोड असतो. म्हणजे जीभ येथे केवळ गप्प राहणारी साक्षीदार नव्हती. विषाच्या बाजूने साक्ष देण्याचीच तिची प्रवृत्ती होती.

१९०० साली मँचेस्टर व त्याच्या आसपास ह्याहून मोठी दुर्घटना घडली. बिअरमध्ये वापरलेली साखर ज्या गंधकाम्लाच्या साहाय्याने तयार केली होती, त्यात सोमल होता. सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे ७० मृत्यू नोंदले गेले. आरंभी डॉक्टरांनी हा अतिमद्यपानाचा परिणाम मानला. पुढे अर्नेस्ट रेनल्ड्स ह्यांनी खरे कारण ओळखले, आणि चौकशीसाठी लॉर्ड केल्विन ह्यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. पिणाऱ्यांपैकी कोणाच्याही जिभेने धोक्याची सूचना दिली नव्हती. तात्पर्य, पेय निर्धोक आहे की नाही, हा प्रश्न जिभेच्या अधिकारातून कायमचा निघून रसायनशाळेकडे गेला. जिभेकडे उरला तो पेय चांगले आहे की नाही, एवढाच प्रश्न. आणि तोही सोपा नव्हता.

४

१९०३ साली ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टन येथे फळे व सायडर ह्यांच्या अभ्यासासाठी एक संस्था सुरू झाली. पुढे ती ब्रिस्टल विद्यापीठाचे संशोधनकेंद्र झाली आणि २००३ साली बंद पडली. तेथील बी. टी. पी. बार्कर ह्यांनी सायडरच्या सफरचंदांचे जे वर्गीकरण केले, ते आजही वापरात आहे. रसातील आम्ल ०.४५ टक्क्यांहून अधिक आणि टॅनिन ०.२ टक्क्यांहून कमी असेल, तर फळ ‘आंबट’. दोन्ही अधिक असल्यास ‘कडू-आंबट’. आम्ल कमी व टॅनिन अधिक असल्यास ‘कडू-गोड’. आणि दोन्ही कमी असल्यास ‘गोड’. किंग्स्टन ब्लॅक हे कडू-आंबट, डॅबिनेट हे कडू-गोड, तर स्वीट कॉपिन हे गोड ह्या वर्गातले फळ होय. बागाईतदारांच्या तोंडी असलेल्या जुन्या शब्दांना बार्करने अशा रीतीने मोजता येणाऱ्या सीमा दिल्या.

परंतु ह्या परिभाषेत एक अडचण दडलेली आहे, आणि ती मराठी भाषकाच्या सहज ध्यानात येते. कच्चे केळे किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळते, त्यास आपण ‘तुरट’ म्हणतो. त्याला ‘कडू’ म्हणणारा मनुष्य आपल्याला भाषेत कच्चा वाटेल. षड्रसांच्या गणनेत कषाय हा रस स्वतंत्रच धरला आहे. टॅनिन मात्र कडूही असते आणि तुरटही. इंग्रजी वर्गनामांत फक्त ‘कडू’ हा शब्द आल्यामुळे तुरटपणा नावाआड गेला. सायडर करणाऱ्यांना हा भेद जाणवत होताच. म्हणून त्यांनी कडूपणा आणणाऱ्या टॅनिनला ‘कठीण’ आणि तुरटपणा आणणाऱ्याला ‘मऊ’ अशी विशेषणे योजिली. १९७० च्या दशकात लाँग अ‍ॅश्टन येथील ली व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, ह्या द्रव्यांच्या रेणूंची साखळी लांब होत जाते तसतसा कडूपणा मागे पडून तुरटपणा वाढतो. जिभेला आधीपासून ठाऊक असलेला भेद अशा रीतीने रसायनशास्त्रानेही मान्य केला.

मात्र ह्यावरून आपली परिभाषा अधिक निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आयुर्वेदात ‘कटु’ म्हणजे सुंठ-मिऱ्यांचा झणझणीत रस, आणि कडुनिंबाचा तो ‘तिक्त’. मराठीत ‘कटु’पासून आलेला ‘कडू’ हा शब्द कडुनिंबाकडे गेला, आणि मिऱ्याच्या रसासाठी ‘तीक्ष्ण’पासून आलेला ‘तिखट’ पुढे झाला. रस तेच राहिले. नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेले. चवीचा शब्द बाह्य वस्तूशी बांधलेला नसेल, तर तो असाच घसरतो.

५

विसाव्या शतकातील प्रयत्न ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचा हेतू स्पष्ट होतो. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात १८९९ साली रुजू झालेले विल्यम गॉसेट ह्यांना जव व हॉप ह्यांच्या थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. त्यातून लहान नमुन्यांचे गणित निर्माण झाले, आणि ते १९०८ साली ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. १९४६ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील हेल्म व ट्रोले ह्यांनी चव घेणाऱ्यांची निवड करण्यासाठी त्रिकोणी चाचणी मांडली. तीन पेले पुढे ठेवावयाचे. दोहोंत एकच बिअर, तिसऱ्यात निराळी. वेगळा पेला कोणता ते सांगावयाचे. केवळ अंदाजाने ३० पैकी सुमारे १० उत्तरे बरोबर येतील. निदान १५ आली, तर तो योगायोग नव्हे असे मानावयास आधार मिळतो. एल-कॉनरच्या काळी परीक्षक पेयाची परीक्षा घेई. आता प्रथम परीक्षकाचीच परीक्षा सुरू झाली.

त्यानंतरचे पाऊल शब्दांचे. डॅनिश रसायनज्ञ मॉर्टन माइलगार्ड व त्यांचे सहकारी ह्यांनी युरोप व अमेरिका येथील मद्यनिर्मात्यांच्या संस्थांसाठी १९७९ साली बिअरच्या चवींची परिभाषा प्रसिद्ध केली. तीत १४ वर्गांत १२२ संज्ञा असून त्या एका चक्रात मांडल्या आहेत. तिचे महत्त्व संज्ञांच्या संख्येत नाही. शक्य तेथे प्रत्येक संज्ञा एका द्रव्याशी जोडली आहे, हे तिचे खरे महत्त्व. ‘केळे’ म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, ‘लोणी’ म्हणजे डायअसिटिल, जुन्या बिअरला येणारा ‘पुठ्ठ्याचा’ वास म्हणजे नॉनेनल. वेलची केळे खाऊन वाढलेला मनुष्य आणि युरोपात मिळणारे केळे खाऊन वाढलेला मनुष्य ह्यांच्या मनातील केळे एक नसते. परंतु साध्या बिअरमध्ये तेच द्रव्य ठरावीक प्रमाणात मिसळून दोघांच्या पुढे ठेवले, तर शब्दाचा अर्थ दोघांपुरता तरी एक होतो.

ह्याच सुमारास सामान्य पिणाऱ्याच्या बाजूनेही चळवळ उभी राहिली. १९७१ साली ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ह्या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली ब्रिटिश ग्राहकसंघटना स्थापन झाली. १९७७ साली मायकेल जॅक्सन ह्या इंग्रज पत्रकाराचा जगातील बिअरविषयीचा ग्रंथ निघाला, आणि बिअरची प्रकारवार ओळख करून देण्याची पद्धत त्याने रूढ केली. आरंभी उल्लेखिलेली ५० गुणांची पत्रिका ह्या दोन्ही प्रवाहांची वारस आहे. शब्द प्रयोगशाळेचे, आणि प्रकार ग्रंथकाराचे.

ह्या वारशात एक दोषही आला. स्पर्धेत पेयाची तुलना त्याच्या प्रकाराच्या लिखित वर्णनाशी होते. उत्तम साधलेले, पण कोणत्याच वर्णनात न बसणारे पेय ह्यामुळे गुण गमावू शकते. प्रकारांच्या सूचीत सुधारणा होत राहतात. तथापि सूची नेहमी प्रचलित पेयांच्या मागूनच चालणार. जुन्या बागेतील अनामिक सफरचंदांचे सायडर करणाऱ्या लहान उत्पादकाला हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. त्याची विक्री त्या आकड्यावर अवलंबून असू शकते.

६

येथवरच्या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, जिभेचा अधिकार क्रमाने संकोचत गेला. किंमत कायद्याने ठरविली, तीव्रता उपकरणाने, निर्धोकपणा रसायनशाळेने. जे तिच्याकडे उरले, त्यात मात्र तिला पर्याय सापडलेला नाही. दुसरी गोष्ट अशी की, तिची साक्ष ग्राह्य ठरावयाची, तर शब्दाला समान वस्तूचा आधार हवा आणि तो शब्द नोंदलेला हवा. तेराव्या शतकातील दप्तरात दंडाचा आकडा आहे, पण चवीचा शब्द नाही. म्हणून त्या दंडाची न्याय्यता आज आपल्याला तपासता येत नाही. आजच्या पत्रिकेत आकड्याशेजारी वर्णनासाठी कोऱ्या ओळी ठेवलेल्या असतात. परीक्षक त्या भरतो तेव्हाच त्याच्या ३८ गुणांवर उत्पादकाला काही म्हणता येते. त्या ओळी कोऱ्या राहिल्या, तर त्या आकड्यात आणि एल-कॉनरने बसविलेल्या दंडात फारसा फरक उरत नाही.