सीझनच्या आधीचे माथेरान

यंदा होळीच्या आधी विद्यार्थ्यांचा एक लहानसा गट घेऊन माथेरानला दोन रात्री मुक्काम करावा आणि सारे पायीच हिंडावे असे ठरले. तारखांचा प्रश्न निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीने चटकन सांगितले, "सर, सीझनच्या आधीच जाऊ या, खोल्या स्वस्त पडतात." व्यवहार म्हणून हे उत्तर बिनतोड होते. पण आदल्याच आठवड्यात आम्ही वर्गात 'ऋतुसंहारा'तील ऋतुकल्पनेची चर्चा केली होती, आणि आता तीच मुले 'ऋतू' हा शब्द न वापरता 'सीझन' म्हणत होती. मला त्यात गैर वाटले नाही. दोन शब्दांमध्ये पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आमच्या दारात, म्हणजे पनवेलच्या परिसरात, घडलेला आहे.

माथेरानचे सीझन दोन : पावसाळा सरल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि उन्हाळ्यातले एप्रिल-मे. झाडाझुडपांचा वसंत यांपैकी कशातच नीट बसत नाही. कोकणपट्टीत पळस, पांगारा आणि सावर फुलतात त्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पानगळीतच. त्या वेळी डोंगरावरची हॉटेले अर्धी रिकामी असतात. मेचा हंगाम ठरवला तो मुंबईच्या उकाड्याने, न्यायालयाच्या सुटीने आणि शाळांच्या परीक्षांनी. मुंबई सरकारचा कारभार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास हलत असे. ज्यांना तितके दूर जाणे परवडत नव्हते वा तितकी रजा नव्हती, त्यांच्यासाठी माथेरान होते. सीझन म्हणजे कचेरीच्या दिनदर्शिकेने डोंगरावर लादलेला ऋतू, अशी व्याख्या मी वर्गात करून पाहिली. मुलांना ती जरा कडवट वाटली.

माथेरानचा 'शोध' १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट याने लावला, असे सर्वत्र छापलेले असते. त्याचा तळ चौक येथे होता. चौकच का, हे सहसा कोणी विचारत नाही. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यापासून मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदराला लागे आणि तेथून चौक, खोपोली करीत घाट चढे. चौक हे या वर्दळीच्या रस्त्यावरचे गाव होते. मॅलेट आजच्या 'वन ट्री हिल'च्या बाजूने वर गेला आणि रामबागेकडून उतरला. पुढे त्याने डोंगरावर घर बांधले आणि लॉर्ड एल्फिन्स्टन या गव्हर्नराने वसाहतीच्या आखणीत लक्ष घातले. म्हणजे माथेरानचे पहिले दार पनवेलच्या अंगाला उघडत होते. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली, वाटेवर नेरळ आले, आणि पनवेलचे महत्त्व ओसरले. १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांची दोन फुटी रुळांची गाडी नेरळहून वर धावू लागली तेव्हा या बाजूच्या वाटा डोंगरच्या लोकांपुरत्या उरल्या. आम्ही निवडली ती त्यांपैकीच एक : पनवेल, नेरे, धोदाणी आणि तेथून सनसेट पॉइंटकडे चढणारी पायवाट.

'शोध' या शब्दावर वर्गात वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. माथ्यावरचे रान या अर्थाचे नाव ज्याला आधीच होते, जेथे ठाकर, कातकरी आणि धनगर यांचा वावर होता, त्याचा शोध कोणी आणि कोणासाठी लावला? मुलांनी या मुद्द्यावर पाठ्यपुस्तकी राग व्यक्त केला. मला मात्र तुलना अधिक उपयोगाची वाटते. १८७१ मध्ये लेस्ली स्टीफनचे 'द प्लेग्राउंड ऑफ युरोप' हे आल्प्सवरील चढाईचे पुस्तक आले. स्टीफन म्हणजे व्हर्जिनिया वुल्फचे वडील. लंडनमध्ये 'आल्पाइन क्लब' १८५७ साली निघाला होता आणि टॉमस कुकने १८६३ पासून स्वित्झर्लंडच्या सहली सुरू केल्या होत्या. डोंगराचा सीझन तेथेही याच काळात घडत होता. पण स्टीफन मोकळेपणाने कबूल करतो की, आपल्या चढायांचे खरे वर्णन करायचे तर वाटाड्याने अवघड काम पार पाडले आणि पाठीवरची पिशवी व सोबतचा मालक यांमुळे ते आणखी अवघड झाले, असेच करावे लागेल. मेल्कियोर आंडरेग या वाटाड्याचे नाव त्यामुळे वाङ्मयात राहिले. तिथल्या वाटाड्यांजवळ एक वही असे आणि प्रवासी तीत आपला अभिप्राय लिहून देत.

माथेरानवर लुईसा, अलेक्झांडर, हार्ट, बॅरी अशी नावे कड्याकड्यांना मिळाली. ठाकर वा कातकरी वाटाड्याचे नाव कोणत्याही पॉइंटला मिळाले नाही. स्टीफनच्या विनयात मालकाचा सुखवस्तूपणाही आहे, हे मान्य. तरी नाव लिहिणे आणि न लिहिणे यांत फरक पडतोच.

सीझनच्या माथेरानातच १ डिसेंबर १९१२ रोजी, नाभिक कुटुंबात, भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या, बेचाळीसच्या आंदोलनात 'आझाद दस्ता' उभा करून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. पर्यटनाच्या पुस्तिकांत त्यांच्याविषयी एखाददुसरी ओळ असते, आणि सूर्यास्ताविषयी पानभर.

आणि ओझे वाहणारे? माथेरानमध्ये मोटारींना बंदी. २००३ मध्ये हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. सामान डोक्यावर वा घोड्यावर चढे आणि माणसे हातरिक्षांत बसत. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. सीझनच्या आधी खोली स्वस्त मिळते तेव्हा या लोकांची कमाईही तशीच स्वस्त झालेली असते, हे मी मुलांना सांगितले. त्यावर कोणी बोलले नाही.

एकाने सुचवले की परतताना इर्शाळगडही करावा. चौकच्या वरचा तो सुळका. त्याच्या पायथ्याशी ठाकरांची इर्शाळवाडी होती आणि गडावर जाणारी वाट तिच्यातूनच जाई. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. त्याच डोंगराखाली मोरबे धरण आहे. नवी मुंबईच्या घराघरांतल्या नळांना येते ते तिथले पाणी. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना मोरबे ठाऊक होते. वाडीचे नाव दोघींना आठवले.

इर्शाळगड वगळला. बाकीचा बेत असा पक्का झाला : धोदाणीची वाट पश्चिमेच्या उतारावर आहे, म्हणून सकाळभर तिच्यावर सावली राहते, सहाला पायथा सोडायचा. माणशी तीन लिटर पाणी, कारण मार्चमध्ये ओढे कोरडे असतात. खालच्या वाडीतला एक ठाकर वाटाड्या सोबत घ्यायचा आणि त्याला सीझनचाच दर द्यायचा. एक कोरी वहीही घेतली आहे. तीत कोणी काय लिहायचे, यावर अजून एकमत झालेले नाही.