एसक्यूएल सर्व्हरमधील क्वेरी साधने व प्रशासकीय स्क्रिप्टिंग साधने

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीसोबत वापरल्या जाणाऱ्या साधनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. क्वेरी साधने ही वापरकर्त्याने लिहिलेली ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल विधाने सर्व्हरकडे पाठवून आलेले उत्तर दाखवतात. प्रशासकीय स्क्रिप्टिंग साधने बॅकअप घेणे, लॉगिन तयार करणे, अनेक सर्व्हरांवर एकच बदल लागू करणे यांसारखी कामे स्वयंचलितपणे पार पाडतात. पहिल्या वर्गाचा संबंध मुख्यतः साठवलेल्या माहितीशी, तर दुसऱ्याचा सर्व्हर व त्याखालील ऑपरेटिंग सिस्टिमशी येतो.

इतिहास

एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये क्वेरी ॲनालायझर आणि एंटरप्राइझ मॅनेजर हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम होते. २००५ च्या आवृत्तीत त्यांचे काम मॅनेजमेंट स्टुडिओ या एकाच प्रोग्रॅममध्ये आले. एसक्यूएलसीएमडी हे कमांड लाइनवरील साधनही याच आवृत्तीतील आहे. २००८ च्या आवृत्तीपासून प्रशासकीय कामांसाठी पॉवरशेलची जोड मिळाली.

धूसर सीमारेषा

एसक्यूएलसीएमडी हे नावापुरते क्वेरी साधन आहे. ओळीच्या सुरुवातीला !! लिहिल्यास पुढील आज्ञा थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. ही सोय बंद करण्यासाठी -एक्स हा पर्याय द्यावा लागतो. उलट पॉवरशेलमधील इन्व्होक-एसक्यूएलसीएमडी ही आज्ञा प्रशासकीय स्क्रिप्टमधून साधी क्वेरी चालवते. नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकणारा 'गो' हा शब्दही ट्रान्झॅक्ट-एसक्यूएलचा भाग नाही. तो केवळ या साधनांना कळणारा विभाजक असल्याने मॅनेजमेंट स्टुडिओत चालणारी स्क्रिप्ट एखाद्या ॲप्लिकेशनमधून जशीच्या तशी पाठवल्यास सर्व्हर ती नाकारतो.

सुरक्षा

दोन्ही कामे एकाच वाटेने होऊ दिल्यास काय घडते, हे एक्सपी_सीएमडीशेल या प्रोसीजरवरून दिसते. तिच्याद्वारे क्वेरीच्या आतूनच विंडोजच्या आज्ञा चालवता येतात. मे २००२ मध्ये पसरलेल्या स्पायडा या वर्मने 'एसए' या सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड कोरा ठेवलेले सर्व्हर शोधून याच प्रोसीजरचा वापर केला. २००५ च्या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवलेली असते. मात्र 'सिसॲडमिन' ही भूमिका असलेला वापरकर्ता ती एसपी_कॉन्फिगर वापरून पुन्हा चालू करू शकतो.

त्यामुळे प्रोग्रॅम वेगळे केल्याने विभाजन पूर्ण होत नाही. ते लॉगिनच्या अधिकारांत करावे लागते. अहवाल तयार करणाऱ्यास 'डीबी_डेटारीडर' एवढीच भूमिका दिल्यास त्याने मॅनेजमेंट स्टुडिओतून टेबल पुसण्याचा प्रयत्न केला तरी सर्व्हर तो फेटाळतो. याउलट प्रशासकाच्या लॉगिनने उघडलेल्या क्वेरी खिडकीत 'व्हेअर' हा भाग विसरलेले एक 'अपडेट' विधान टेबलातील प्रत्येक नोंद बदलते. मूळ मांडणीत प्रत्येक विधान यशस्वी होताच कायम होत असल्याने हा बदल मागे घेता येत नाही, आणि मग बॅकअपचाच आधार उरतो.

ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांसाठी एसक्यूएल सर्व्हर एजंट ही सेवा वापरतात. तिच्यात पॉवरशेलच्या किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञांच्या टप्प्याला प्रॉक्सी खाते नेमून देता येते, तर ट्रान्झॅक्ट-एसक्यूएलच्या टप्प्याला अशी प्रॉक्सी लागू होत नाही.