स्कडरांच्या घरातली नको म्हणणारी मुलगी

फौजेत बापाच्या पलटणीत मुलगा येतो, हे आम्ही नेहमी पाहतो. ती वाट नको म्हणणारेही असतात. आयडा स्कडर त्यातलीच. आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ साली अमेरिकेतून सिलोनला आले, पुढे मद्रासकडे वळले. त्यांचे सात मुलगे मिशनरी झाले. १८७० साली जन्मलेल्या आयडाने मात्र ठरवलं होतं, आपण मिशनरी व्हायचं नाही.

आईच्या आजारपणासाठी ती तिंडीवनमला आली. एका रात्री तीन घरांतून बोलावणं आलं, तिन्हीकडे बाळंतीण अडलेली. वडील डॉक्टर, पण परपुरुषाचा हात नको. आयडाला त्यातलं काही येत नव्हतं. तिघीही गेल्या.

लोक सगळं श्रेय त्या रात्रीला देतात. मला ते अर्धंच पटतं. रात्री-अपरात्री माणसं त्याच दारात का आली? कारण ते दार वडिलांनी वर्षानुवर्षं उघडं ठेवलं होतं.

१८९९ साली ती कॉर्नेलहून डॉक्टर झाली. १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना निघाला. वडील त्याच वर्षी वारले. १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे तिची भाची तिथेच क्ष-किरण विभागात आली. तिचंही नाव आयडाच.