नीटच्या अभ्यासात आधी काय? प्रकरणांचा अग्रक्रम ठरवण्याची रीत

वेळ अपुरा पडतो म्हणून अग्रक्रम ठरवावा लागतो. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा अभ्यासक्रम भौतिकशास्त्राचे २०, रसायनशास्त्राचे २० आणि जीवशास्त्राचे १० घटक एवढा आहे. तो अकरावी आणि बारावी अशा दोन वर्षांत पसरलेला आहे. सगळे सारख्याच खोलीने करणे थोड्याच मुलांना जमते. बाकीच्यांना आज कोणते प्रकरण उघडायचे हे रोज ठरवावे लागते, आणि हा निर्णय बहुतेक जण एका तक्त्यावर सोपवतात. कोणत्या प्रकरणावर मागील वर्षांत किती प्रश्न आले हे सांगणारा तो तक्ता क्लासमध्ये वाटला जातो, भिंतीवर चिकटतो आणि वर्षभर तिथेच राहतो.

त्या तक्त्यातले आकडे खरे असू शकतात, पण त्यावरून अभ्यासाचा क्रम निघत नाही. २०२५ साली २२ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. तक्ता या सगळ्यांसाठी एकच असतो, आणि प्रत्येकाची तयारी मात्र वेगळी असते. प्रकरणाचा अग्रक्रम त्या प्रकरणात बसलेला नसतो. ते प्रकरण आणि ते शिकणारा विद्यार्थी यांच्यातल्या अंतरावरून तो ठरतो. हे अंतर कसे मोजायचे, याचे हे विवेचन.

गुणांचे गणित

आधी परीक्षेची घडण पाहू. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण अशी रचना आहे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. २०२१ ते २०२४ या काळात प्रत्येक विभागात १५ पैकी १० प्रश्न निवडण्याची सोय होती. त्यामुळे एखादे लहान प्रकरण सोडले तरी ते निवडीत झाकले जायचे. आता ती सोय नाही. सोडलेल्या प्रकरणाची किंमत थेट मोजावी लागते, आणि चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या यशस्वी मुलाने दिलेला ‘हे सोडून दे’ हा सल्ला आज तसाच लागू पडत नाही.

उत्तर बरोबर येण्याची शक्यता ० ते १ अशी मोजली, तर एका प्रश्नामागे सरासरीने मिळणारे गुण म्हणजे त्या शक्यतेची पाचपट वजा एक. शक्यता एक पंचमांश असेल तर हाती शून्य येते. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरी पाव गुण मिळतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दीड गुण. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही इथे किंमत आहे. मात्र खात्रीने लिहिलेले आणि चुकलेले उत्तर बरोबर उत्तरापेक्षा पाच गुणांनी मागे नेते. जिथे आपल्याला येते असे वाटते आणि प्रत्यक्षात येत नाही, ती प्रकरणे सर्वांत घातक.

याच सूत्रावरून अभ्यासाचा मोबदला काढता येतो. समजा, एका विद्यार्थिनीसमोर रोटेशनल मोशन आणि सेमीकंडक्टर ही दोन प्रकरणे आहेत आणि दोन्हींवर दोन-दोन प्रश्न अपेक्षित आहेत. तक्त्याच्या लेखी दोन्ही सारखीच. रोटेशनल मोशनमध्ये आज तिची शक्यता ०.२ आहे. २५ तास दिले तर ती ०.५ होईल, म्हणजे प्रश्नामागे दीड आणि दोन प्रश्नांत तीन गुणांची वाढ. सेमीकंडक्टरमध्ये ती ०.३ वर आहे आणि ८ तासांत ०.८ पर्यंत जाऊ शकते. तिथली वाढ पाच गुणांची. एकीकडे २५ तासांत तीन, दुसरीकडे ८ तासांत पाच. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण असा हिशेब मांडल्याशिवाय क्रम ठरवणे म्हणजे भाव न विचारता खरेदी करणे.

वाढ नेहमी एकाच गतीने होत नाही हेही इथे लक्षात घ्यायला हवे. ०.३ वरून ०.७ वर येणे बहुधा सोपे असते, ०.८ वरून ०.९५ वर जाणे अवघड. आवडते प्रकरण पुन्हा पुन्हा सोडवणारी मुले या दुसऱ्या टप्प्यात अडकतात. जेनेटिक्सचे वंशवृक्ष सोडवायला आनंद वाटतो म्हणून ते रोज सोडवले जातात आणि शेजारचे इकॉलॉजी उघडलेच जात नाही. तास मोजले तर अभ्यास भरपूर दिसतो, पण गुण वाढत नाहीत.

तक्ता कुठे फसवतो

तक्ता भूतकाळाचा असतो ही त्याची पहिली मर्यादा. २०२४ च्या परीक्षेसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अभ्यासक्रम बदलला. रसायनशास्त्रातून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री आणि पॉलिमर्स गेले. जीवशास्त्रातून वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण आणि मानवी पचनसंस्था ही प्रकरणे गेली. भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचा घटक आला. दहा वर्षांच्या प्रश्नांची सरासरी काढणाऱ्या तक्त्यात ही गेलेली प्रकरणे अजून जागा अडवून असतात. शिवाय त्यांचे प्रश्न ज्या प्रकरणांकडे वळले त्यांचा भार कमी दिसतो. म्हणून कोणताही तक्ता हाती घेताना आधी चालू अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत शेजारी ठेवावी.

पुस्तकाची आवृत्तीही तितकीच महत्त्वाची. २०२४ च्या पेपरात अणूंविषयीच्या एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नाला दोन उत्तरे धरावी लागली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातले विधान नव्या पुस्तकापेक्षा वेगळे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नव्या पुस्तकानुसार एकच उत्तर ग्राह्य धरले गेले. आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, अंतिम निकालात १७ उरले. थोरल्या भावंडाचे जुने पुस्तक वापरणाऱ्या घरांनी एवढी एक घटना ध्यानात ठेवावी. जीवशास्त्राचे प्रश्न पुष्कळदा एनसीईआरटीच्या वाक्यांवरच बेतलेले असतात. त्यामुळे बालभारतीचे पुस्तक बोर्डासाठी कितीही नीट झाले असले, तरी नीटसाठी एनसीईआरटीचे नवे पुस्तक ओळीने वाचणे हे कोणत्याही प्रकरणाच्या आधी येते.

तक्त्याचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. प्रकरणे एकमेकांवर उभी असतात हे तो दाखवतच नाही. मोल कन्सेप्टवर थेट प्रश्न एखाद-दुसराच येतो, म्हणून तक्त्यात ते खाली जाते. पण द्रावणे, समतोल, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि अभिक्रियांचा वेग यांतली बहुतेक गणिते मोलच्या हिशेबावर चालतात. जनरल ऑर्गॅनिक केमिस्ट्री, म्हणजे मुलांच्या तोंडची जीओसी, कच्ची राहिली तर हायड्रोकार्बनपासून अमाइन्सपर्यंतची प्रत्येक अभिक्रिया पाठ करावी लागते, आणि पाठ केलेल्या अभिक्रिया परीक्षेच्या आधीच निसटू लागतात. व्हेक्टर आणि प्राथमिक कॅल्क्युलस यांच्यावाचून यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व दोन्ही लंगडे. जीवशास्त्रातही मिऑसिस नीट न कळता आनुवंशिकतेचे नियम शिकणारी मुले मी पाहिली आहेत. गुणोत्तरे त्यांना पाठ असतात, पण प्रश्न जरा फिरवला की हात थांबतो.

म्हणून मोबदल्याच्या हिशेबात एक दुरुस्ती करावी लागते. एखाद्या प्रकरणाची किंमत काढताना त्याचे स्वतःचे गुण अधिक त्यावर उभ्या असलेल्या प्रकरणांत होणारी वाढ, असे धरावे. असे धरल्यावर पायाची पाच-सहा प्रकरणे आपोआप यादीच्या डोक्यावर येतात. तिथे तासांचा कंजूषपणा करू नये. बारावी संपल्यावर पुन्हा परीक्षा देणाऱ्या मुलांनी तर सुरुवात इथूनच करावी. दुसऱ्या प्रयत्नात गुण न वाढण्याचे कारण बहुतेकदा अकरावीच्या पायातच सापडते.

विसरण्याचा वेग

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू विसरले जाते, हा त्यातला निष्कर्ष आजही टिकून आहे. नीटच्या संदर्भात त्याचा अर्थ असा की काही प्रकरणांना क्रमांक देऊन भागत नाही, तारखा द्याव्या लागतात. ॲनिमल किंगडम, प्लांट किंगडम, पी-ब्लॉक आणि को-ऑर्डिनेशन कंपाउंड्स ही तपशिलांनी भरलेली प्रकरणे आहेत. जुलैत एकदा चांगली केली आणि पुन्हा उघडली नाहीत, तर मे महिन्यात त्यातले फार थोडे हाती राहते. त्यांना एक मोठा आठवडा देण्यापेक्षा अंतराने तीन-चार छोट्या बैठका द्याव्यात. यांत्रिकीसारख्या प्रकरणात कल्पना टिकतात, पण सोडवण्याचा वेग ओसरतो. त्यांना आठवड्याला थोडी गणिते पुरतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, हा समज इथे सोडावा लागेल. रोडिजर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवते. महाराष्ट्राला ही गोष्ट अनुभवाने आधीच ठाऊक होती. सातत्याने घेतलेल्या सराव परीक्षा हाच लातूर पॅटर्नचा कणा आहे.

उत्तरपत्रिकेचे वाचन

आपली शक्यता ०.३ की ०.७, हे कसे कळायचे? मनाला विचारून कळत नाही, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून कळते. पण तिथेही नुसते ‘या प्रकरणात तीन चुका’ असे लिहून उपयोग नाही, कारण चुकांच्या जाती वेगळ्या असतात आणि त्यांचे उपायही वेगळे. काही प्रश्नांत गोष्ट मुळात ठाऊकच नसते, तिथे प्रकरण शिकायला हवे. काही ठिकाणी शिकलेले आठवत नाही, तिथे उजळणीची तारीख चुकलेली असते. काही ठिकाणी सूत्र बरोबर असते आणि एकक किंवा दशांश चुकतो, तिथे प्रकरण पुन्हा वाचणे म्हणजे शुद्ध वेळ घालवणे, हाताने गणिते सोडवणे हाच उपाय. आणि काही चुका ‘अयोग्य विधान कोणते’ हा प्रश्न ‘योग्य विधान कोणते’ असा वाचल्याने होतात. त्यांचा प्रकरणाशी संबंधच नसतो.

माझे स्पष्ट मत आहे की ही वर्गवारी न करता आखलेले कोणतेही वेळापत्रक अंदाजावर चालते. तीन-चार पूर्ण सराव पेपरांतल्या चुका अशा वेगळ्या केल्या की खरोखर शिकायची प्रकरणे पुष्कळ कमी निघतात. घाबरलेल्या मुलाला हे दाखवून दिले की त्याचा चेहरा बदलतो. ‘काहीच येत नाही’ हे वाक्य ‘ही सात प्रकरणे येत नाहीत’ असे होते, आणि सात प्रकरणांवर काम करता येते.

विषयांचा तोल

जीवशास्त्राचे ३६० गुण म्हणजे निम्मा पेपर, हे सर्वांना माहीत आहे. पण जीवशास्त्राला प्राधान्य देण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वेळ. ९० प्रश्न ४५ मिनिटांत सुटले तर उरलेल्या ९० प्रश्नांना १३५ मिनिटे, म्हणजे प्रत्येकी दीड मिनिट मिळते. जीवशास्त्रातली सफाई अशी भौतिकशास्त्राचे गुण वाढवते. गुण समान असले तर क्रमवारीत आधी जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात, मग रसायनशास्त्राचे आणि मग भौतिकशास्त्राचे.

तरीही भौतिकशास्त्र सोडून देण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग कठीण गेला आणि देशातले सर्वोच्च गुण ६८६ राहिले. प्रवेश क्रमांकावर मिळतो, आणि जीवशास्त्रात बहुतेक गंभीर विद्यार्थी जवळजवळ येतात. त्यांच्यातले अंतर पडते ते भौतिकशास्त्रात. जीवशास्त्रात ३२० च्या पुढे गेलेल्याने पुढचे तास भौतिकशास्त्राच्या सोप्या आणि मध्यम प्रकरणांना द्यावेत. त्याखाली असलेल्याने आधी जीवशास्त्र भरून काढावे.

महाराष्ट्रातल्या मुलांच्या वेळापत्रकात एक खास अडचण आहे. अकरावीचे प्रवेश लांबतात, पहिले महिने विस्कळीत जातात आणि बारावीत बोर्डाचे दडपण येते. एमएचटी-सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के असतो आणि तिथे उणे गुणही नाहीत. नीटमध्ये अकरावी आणि बारावी जवळपास समान येतात. दोन्ही परीक्षा देणारी मुले नकळत सीईटीचे प्रमाण नीटला लावतात आणि अकरावी मागे पडते. बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतात आणि नीट मेच्या सुरुवातीला असते. एवढ्या आठवड्यांत अकरावी नव्याने शिकून होत नाही, फक्त उजळता येते. त्यामुळे अकरावीची पायाची प्रकरणे दिवाळीपर्यंत हातावेगळी झालेली असावीत आणि बोर्डाच्या काळातही अकरावीचा एक छोटा तास चालू राहावा. परीक्षेला तीन आठवडे उरले की यादी गोठवावी. त्यानंतर नवे प्रकरण उघडू नये.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. मूल रात्री पुस्तक मिटते तेव्हा ‘आज किती तास झाले’ असे विचारू नका. गेल्या पेपरात कोणते प्रश्न चुकले आणि ते कोणत्या कारणाने चुकले, हे त्याच्याजवळ बसून पाहा, आणि उद्याचे प्रकरण त्यावरून ठरवू द्या.