वाहून आलेले आणि कापलेले : नॉर्मंडी व ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील शेवाळखताची नावे

समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले शेवाळ उचलून ते शेतात व परसबागेत खत म्हणून पसरण्याची चाल युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर फार जुनी आहे. शेतीच्या इतिहासात तिचा उल्लेख येतो. या वस्तूच्या नावांचा विचार मात्र बहुधा तळटीपेपुरताच होतो. प्रस्तुत लेखात नॉर्मंडी आणि ब्रिटनी या दोन प्रांतांच्या संदर्भात तो विचार करावयाचा आहे. नावे बाजूला ठेवली तर हे खत नेण्याचा हक्क कोणाचा, हा मूळ प्रश्नच हातून निसटतो, असे आमचे मत आहे.

प्रारंभी आपल्या शब्दाविषयी थोडेसे. संस्कृत ‘शैवाल’पासून आलेला ‘शेवाळ’ हा शब्द आपल्याकडे तळ्याचा, विहिरीचा, पावसाळ्यात निसरड्या झालेल्या पायरीचा आहे. खडकाला घट्ट धरून वाढणारी, चामड्यासारखी चिवट, तपकिरी समुद्रवनस्पती त्या शब्दाने डोळ्यांपुढे उभी राहत नाही. दुसरा सुटसुटीत शब्द नसल्यामुळे तोच येथे वापरला आहे.

चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, कोल्बेरच्या प्रेरणेने, १६८१ साली फ्रान्समध्ये सागरविषयक कायद्याची मोठी संहिता जारी झाली. तिच्या चौथ्या भागातील दहावे प्रकरण शेवाळाच्या कापणीसंबंधी आहे. या प्रकरणाच्या शीर्षकातच एका वस्तूची चार नावे दिली आहेत : वारेक, व्रेक, सार आणि ग्वेमों. पहिली दोन एकाच शब्दाची नॉर्मन रूपे, तिसरे ला रोशेलच्या बाजूचे, आणि चौथे ब्रिटनीचे. कायदा करणाऱ्याला एका शब्दावर भागवता आले नाही, ही गोष्ट भाषाभ्यासकाने सहज सोडून देण्यासारखी नाही.

यांपैकी ‘ग्वेमों’ हा शब्द केल्टिक कुळातील आहे. ब्रेटन भाषेत ‘ग्वेमोन’, वेल्शमध्ये ‘ग्विमोन’, आणि आयरिशमध्ये ‘फ्यामन’. आयरिश ‘फ’ आणि वेल्श-ब्रेटन ‘ग्व’ हे नाते नियमित आहे. आपल्या ‘वीर’ शब्दाचे भाऊबंद पाहिले तर तेच दिसते : लॅटिन ‘विर्’, आयरिश ‘फेर्’, वेल्श ‘ग्वूर्’. तेव्हा शेवाळाचे हे नाव केल्टिक भाषांच्या दोन शाखा विभक्त होण्यापूर्वीचे मानण्यास हरकत नाही. ते प्रथमपासून वनस्पतीचेच नाव आहे.

‘वारेक’ची कथा निराळी आहे. हा शब्द जर्मानिक, उत्तरेकडील दर्यावर्द्यांबरोबर नॉर्मंडीत उतरलेला. ‘ढकलणे, हाकणे’ या अर्थाचा धातू त्याच्या मुळाशी आहे. लाटांनी ढकलून किनाऱ्याला आणलेली वस्तू, विशेषतः फुटलेल्या गलबताचा माल, हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीतील ‘रेक’ (फुटके गलबत) आणि ‘रॅक’ (समुद्रशेवाळ) हे दोन्ही शब्द याच घराण्यातले. नॉर्मंडीच्या रूढिसंहितेची सुधारलेली आवृत्ती १५८३ साली सिद्ध झाली. तिच्यात ‘वारेक’ची व्याख्या आहे. वादळाने पाण्याबाहेर टाकलेली, किंवा घोडेस्वाराच्या भाल्याचे टोक पोहोचेल इतक्या जवळ आलेली प्रत्येक वस्तू ‘वारेक’ होय. मूळ मालकाने एक वर्ष आणि एक दिवस या मुदतीत मागणी केली नाही, तर ती त्या भूमीच्या सरंजामदाराची.

आता अडचण लक्षात येईल. बोलभाषेत ‘वारेक’ शेवाळालाही लागू झाला होता. शेवाळही लाटांनीच ढकलून आणलेले. मग शब्द एक असताना हक्क दोन कसे? जमीनदाराच्या सोयीचा अर्थ उघड होता. १६८१ च्या संहितेने किनाऱ्यावरील सरंजामदारांना बजावले, की शेवाळ उगवते त्या खडकांचा कोणताही भाग त्यांनी बळकावू नये, रयतेला अडवू नये आणि परवानगीचे पैसे मागू नयेत. निषेध करावा लागला, यावरूनच असे प्रकार घडत होते, हे उघड आहे.

संहितेची रचना याहूनही बोलकी आहे. फुटलेल्या गलबतांचे प्रकरण नववे, शेवाळाचे दहावे. जुन्या शब्दाचे दोन अर्थ शेजारशेजारच्या दोन प्रकरणांत वेगळे केले गेले. शेवाळातही पुन्हा भेद झाला. खडकावरचे, कापावयाचे शेवाळ गावाचे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी चर्चमधील उपासनेनंतर गावकऱ्यांनी जमून कापणीचे दिवस ठरवावयाचे. रात्री कापणे, दुसऱ्या गावाच्या हद्दीत जाणे, परक्यास विकणे निषिद्ध. मोडल्यास दंड आणि घोडी जप्त. लाटांनी टाकलेले शेवाळ मात्र कोणीही, केव्हाही, कोठूनही उचलावे आणि हवे तेथे न्यावे. म्हणजे ‘वारेक’चा जो मूळ अर्थ, ज्यावर सरंजामदाराचा हक्क उभा होता, त्याच अर्थाचे शेवाळ सर्वांना मोकळे झाले. ज्याच्यापाशी परसातल्या वाफ्यापलीकडे जमीन नाही, त्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकरणांत मिळून याहून मोलाचे कलम नव्हते.

या खताची योग्यता थोडक्यात सांगतो. त्यात पोटॅश भरपूर, नत्र बऱ्यापैकी, स्फुरद थोडे. शेणखताबरोबर येते तसे तणाचे बी त्याच्याबरोबर येत नाही. आयर्लंडजवळच्या अरान बेटांवर तर उघड्या चुनखडकावर वाळू आणि शेवाळाचे थर देऊन बटाट्यासाठी मातीच तयार करीत.

अठराव्या शतकात या खताला प्रतिस्पर्धी निर्माण झाला. शेवाळ जाळून मिळणाऱ्या राखेतील सोडा काचेच्या कारखान्यांना हवा होता. १७३१ च्या राजाज्ञेने जाळण्यावर निर्बंध घातले. पुढे धुराने रोगराई होते, पिके करपतात, अशी ओरड नॉर्मंडीत झाली. विज्ञान अकादमीने गेतार, तिये आणि फुझेरू द बोंदारॉय या तिघांना पाहणीसाठी धाडले. धूर अपायकारक नाही, असा त्यांचा निर्वाळा पडला आणि १७७२ मध्ये नवी राजाज्ञा निघाली. विज्ञानाच्या दृष्टीने निर्वाळा योग्यच होता. परंतु तक्रार केवळ धुराची होती, असे आम्हांस वाटत नाही. कोकणातील राबाशी तुलना केली म्हणजे मर्म कळते : राबाची राख ज्या वाफ्यात जाळली तेथेच राहते, तर किनाऱ्यावरची ही राख गाडीत भरून काचवाल्याकडे जाई. शेतकऱ्याला उरे तो धूरच.

पुढे क्रांतीत सरंजामी हक्क गेले. लब्लांच्या कृतीने मिठापासून सोडा होऊ लागला, आणि १८११ साली कुर्त्वाला याच राखेत आयोडीन सापडल्यामुळे भट्ट्या पुन्हा धगधगल्या. जर्सी बेटावर ‘व्रेक’ हे नाव आणि बटाट्याच्या शेतात ते पसरण्याची चाल दोन्ही टिकून राहिली.

फ्रान्सच्या कायद्यात मात्र निराळेच घडले. १८६८ च्या आदेशाने शेवाळाचे तीन वर्ग केले : किनाऱ्यालगतचे, समुद्रात वाढणारे आणि वाहून आलेले. १९९० च्या आदेशातही तेच वर्ग आहेत. नाव ब्रिटनीचे ‘ग्वेमों’ स्वीकारले गेले. तिसऱ्या वर्गासाठी त्याला ‘एपाव’ हे पद जोडले आहे, आणि ‘एपाव’ म्हणजे फुटक्या गलबताचे अवशेष, बेवारशी वस्तू.